हिरव्या दिव्यांची रामनवमी

सप्तमीच्या सकाळी माझ्या बायकोच्या दंडावरचा लाल दिवा हिरवा झाला.

मी परसात फुलं काढत होतो. देवघरातून हाक आली, "केदार, अरे इकडे ये, बघ तरी!" चारचौघांत ती मला 'अहो' म्हणते, घरात केदार. धावत गेलो. मृणाल रामाच्या तसबिरीपुढे बसली होती, डोळ्यांना धार लागलेली. दंडावर चिकटवलेल्या रुपयाएवढ्या चकतीत मुगाच्या दाण्याएवढा दिवा असतो. माघापासून लाल होता तो. आज पोपटाच्या पिसासारखा हिरवा.

"सहा दिवसांत," ती म्हणाली. "ऑपरेशन नाही, काही नाही. नुसतं नाम आणि सकाळ-संध्याकाळ वाटीभर दूध."

खोटं कशाला सांगू, मी रामापुढे लोटांगण घातलं. पण उठताना मनात शंका आली. माझी चौतीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासण्यात गेली. आकडा इतक्या झपाट्यानं सुधारलेला दिसला की आम्ही लॅबवाले आनंद नाही करत. तीच नळी पुन्हा मशीनला लावतो.

हा दिवा काय प्रकार आहे ते आधी सांगायला हवं. आमच्या तरुणपणी यकृताची तपासणी म्हणजे कावीळ, नाहीतर दारू. यकृताच्या पेशींत काही एन्झाइम्स असतात. पेशीला इजा झाली की ती रक्तात पाझरतात आणि रिपोर्टात आकडा चढतो. पुढे कुणी शास्त्रज्ञांनी साठवून ठेवलेले लाखो जुने नमुने पुन्हा तपासले, तेव्हा एक विचित्र गोष्ट दिसली. जी माणसं चालता-बोलता गेली, चहाचा कप हातात असताना गेली, त्यांच्या रक्तात मरणाआधी काही आठवडे ही एन्झाइम्स एका ठरावीक चालीनं चढत गेली होती. हृदय आणि यकृत शेजारी-शेजारी राहणारे. हृदयाचा पंप किंचित दमला की मागचं रक्त यकृतात तुंबतं. खाडीला भरती आली की वरचा ओढा फुगतो, तसं. हृदय मुकाट असतं, ईसीजी साफ येतो. कुरकुर करतो तो शेजारी.

त्या कुरकुरीवरून ही चकती निघाली. केसाहून बारीक सुया कातडीखालचा ओलावा दर सहा तासांनी तपासतात. हिरवा म्हणजे निश्चिंत राहा. पिवळा म्हणजे जपा. लाल म्हणजे हृदय कधीही थांबेल. पन्नाशीपुढच्या प्रत्येकाला सरकारनं गेल्या दिवाळीत ती लावली. लाल माणसानं गाडी चालवायची नाही, मंचावर उभं राहायचं नाही. छातीत झटका देणारं यंत्र बसवायला रांगेत नाव लावायचं आणि नंबराची वाट बघायची. आमची रांग चार महिन्यांची होती.

मृणाल कीर्तनकार. आमच्या देवकुंडच्या राममंदिरात गुढीपाडव्यापासून नवमीपर्यंत तेवीस वर्षं तीच उभी राहिली, आणि तिच्यामागे पेटीवर मी. नवमीचं जन्माचं कीर्तन म्हणजे गावाचा जीव. दुपारी बाराच्या ठोक्याला रामजन्म सांगायचा, पुजाऱ्यानं पाळण्याची दोरी ओढायची. तेवीस वर्षांत तिचा ठोका कधी चुकला नाही. ऐकणारी माणसं पापणी लवू देत नसत. मी सूर देताना कितीदा रडलोय, आणि पेटीवर पाणी पडू नये म्हणून मान वर करून रडलोय.

दिवा लाल झाला तेव्हा गावात कुजबूज झालीच. "यकृताचं निघालं म्हणे. बाई कीर्तनं करते, पण घरात काय घेते कुणाला ठाऊक?" मृणालला कुणीतरी आणून सांगितलं. ती हसली. "सांगा त्यांना, घेते. रोज. रामनाम." पण देवस्थानचे अध्यक्ष संजयराव सुर्वे घरी येऊन हात जोडून म्हणाले, "ताई, कायद्यापुढे आमचा इलाज नाही," तेव्हा ती हसली नाही. यंदा पुण्याचे बुवा ठरले. ती पहिल्या रांगेत बसून ऐकायची आणि तिचे ओठ हलायचे. नऊ दिवसांचा उपवास मात्र तिनं नेहमीसारखा धरला.

तो उपवास आता तिचा एकटीचा राहिला नव्हता. तीन वर्षांपूर्वी पूर्वरंगात तिनंच सांगितलं होतं, "वर्षभर त्या यकृताला राबवता, रामाच्या नावानं नऊ दिवस त्याला सुट्टी द्या." तेव्हापासून निम्मं देवकुंड चैत्रातले नऊ दिवस दुधावर असतं.

सप्तमीला दुपारपर्यंत संजयराव नारळ घेऊन हजर. "ताई, जन्माचं कीर्तन तुमचंच! बुवांशी बोललो मी. मोठ्या मनाचा माणूस, म्हणाले मी झांज धरतो त्यांच्यामागे." मृणालनं नारळ कपाळाला लावला. तिचा तो चेहरा पाहिला आणि माझ्या पोटातली शंका मी पोटातच ठेवली. मीही तिच्याबरोबर दुधावरच होतो; माझा स्वतःचा दिवा कालपर्यंत पिवळा होता, तोही हिरवा झाला होता. संध्याकाळी मंडपात पेटी लावताना वर पाहिलं, तर चारशे दंड आणि चारशे हिरवे ठिपके. एक लाल नाही, एक पिवळा नाही. पन्नाशी उलटलेल्या चारशे कोकणी माणसांत एकही हृदय दमलेलं नाही? शेजारच्या शैलाकाकू म्हणाल्या, "दीपोत्सव दिसतोय हो नुसता!" मी हो म्हटलं. ठिपके मात्र पुन्हा मोजले.

मृणालताईंचा लाल दिवा हिरवा झाला, ही बातमी एका दिवसात पसरली. अष्टमीच्या सकाळी देवळापुढच्या मैदानात गाड्या उभ्या. चिपळूणहून, कणकवलीहून, कुठून कुठून लाल दिव्यांची माणसं आली होती. आमची माणसं निदान दूध तरी घेत. ही नुसत्या पाण्यावर बसली. "आमच्याकडे दिवस कमी आहेत," कणकवलीचे एक निवृत्त मास्तर मला म्हणाले, "म्हणून जास्त कडक धरलाय."

त्याच दिवशी अकराच्या सुमाराला प्रमोद साळवी गेले.

प्रमोदभाऊ आमचे टाळकरी. खांबाला टेकून बसले होते, टाळ मांडीवर. सगळ्यांना वाटलं डोळा लागला. बुवांनी गजर मागितला तेव्हा टाळ वाजेना म्हणून कुणी हलवलं, तर मान कलली. दंडावर दिवा हिरवा, ठसठशीत. रडारड झाली, मग शैलाकाकूंनी पदर डोळ्यांना लावून म्हटलं, "हिरव्यानं गेला हो. सुखानं गेला." आणि माणसं माना डोलवायला लागली. मला ओरडावंसं वाटलं. मी पेटीचं झाकण लावलं आणि थेट आरोग्य केंद्र गाठलं.

डॉक्टर अन्वी कांबळी, आमच्या केंद्राची तरुण डॉक्टर, स्वतःच संगणकापुढे कपाळ धरून बसली होती.

"केदारकाका, मला वाटलंच तुम्ही येणार."

"या चकतीला शिकवलं कुणाच्या रक्तावर?"

"अकरा मोठ्या शहरांतल्या हॉस्पिटलांतल्या नमुन्यांवर. रोज दोन वेळा जेवणाऱ्या माणसांच्या."

"नऊ दिवस न जेवलेला त्यांत एक तरी?"

"एकही नाही," ती म्हणाली. जेवण थांबलं की यकृतातली चरबी वितळते, काम हलकं होतं आणि एन्झाइमचा आकडा सरसर उतरतो. हे लॅबमधल्या कुणालाही ठाऊक असतं. हृदयाचा दम तेवढाच राहतो, फक्त शेजाऱ्यानं कुरकुर बंद केलेली असते. चकतीला वाटतं, घरात सगळं क्षेमकुशल.

"आणि काका, लाल माणसांना आम्ही लघवी वाढवायची गोळी देतो. तिनं पोटॅशियम वाहून जातं. ते जेवणातून भरून निघतं. जेवणच नसेल तर?"

पोटॅशियम म्हणजे हृदयाचा ताल धरून ठेवणारं मीठ. ते घसरलं की ठोका भरकटतो, आणि भरकटलेला ठोका मिनिटभरात थांबतो.

घरी येऊन मी मृणालचं रक्त काढलं. "सहज, जुनी खोड," म्हणालो. नळी स्वतः केंद्रावर नेली, स्वतः मशीनला लावली. पोटॅशियम निदान साडेतीन हवं, तिथं दोन पूर्णांक आठ. मी तीच नळी पुन्हा लावली. दोन पूर्णांक आठ.

अन्वीनं माझ्यादेखत जिल्ह्याला कळवलं. दहा मिनिटांत उत्तर आलं. आपल्या तालुक्याचा निकाल राज्यात सर्वोत्तम आहे, अभिनंदन. तक्रारीची नोंद घेतली आहे.

दुपारी चारला मी मृणालला सगळं सांगितलं. ती उद्याच्या आख्यानाची वही चाळत होती. ऐकताना वही मिटली.

"हे तुला कधीपासून ठाऊक?"

"ठाऊक आज झालं. शंका कालपासून होती."

"आणि गप्प राहिलास?"

"तुझा तो आनंद मोडवेना गं. इतक्या दिवसांनी हसली होतीस."

"प्रमोदभाऊ काल सप्तमीला माझ्या पाया पडले, केदार. म्हणाले, ताई, तुमच्यामुळे माझाही हिरवा झाला." मला वर बघता येईना.

"चल आता," मी म्हणालो. "अन्वी सलाईन लावायला तयार आहे. एक दिवस पडून राहायचं, बस. संजयरावांना सांगू तब्येत बिघडली."

"मी पडले की लोक काय म्हणतील? बाईची श्रद्धा कमी पडली. आणि आणखी दोन दिवस ताणतील. तू सांगून ऐकतील? ती पोर डॉक्टर सांगून ऐकतील?"

"नाही ऐकणार."

"मी कीर्तनाच्या गादीवरून उपवास धरायला सांगितलं. सोडायलाही मीच सांगायला हवं, तिथूनच."

"मग आधी तू खा. हे केळं घे."

"मी खाऊन सांगू? म्हणतील, बाईला भूक आवरली नाही, आता सगळ्यांना मोडायला लावते. उपाशी माणसानं सांगितलं तरच उपाशी माणूस ऐकतो रे." तिनं केळं माझ्या हातातून घेतलं आणि रामापुढे ठेवलं. "औषध दे. औषधानं उपवास मोडत नाही."

अन्वीनं पोटॅशियमचं पातळ औषध दिलं. "एवढ्यानं भागणार नाही," ती मला दाराशी म्हणाली. "सकाळपर्यंत थोडं चढेल. उभं राहायला पुरेल का, मला नाही सांगता येत. मी झटक्याचं मशीन घेऊन मागे बसते."

नवमीला मंडपात मुंगीला जागा नव्हती. वर झावळ्या, पंखे गरम हवा ढवळत होते, आणि जिकडे बघावं तिकडे हिरवे ठिपके, मधूनमधून बाहेरून आलेल्यांचे लाल. मंडपाच्या कडेला अन्वीनं केळ्यांचे क्रेट आणि शहाळी आणून ठेवली होती. प्रसादाची असतील, असं लोकांना वाटलं. मृणाल नऊवारी नेसून गादीवर उभी राहिली. नारदाच्या गादीवर उभं राहिलं की आरती होईपर्यंत उतरायचं नाही आणि तोंडात काही घालायचं नाही, हा नेम. तिनं नमन धरलं. आवाज नेहमीचाच, फक्त कडेला किंचित झिजलेला. ते मला एकट्याला कळलं असेल.

पूर्वरंगात ती म्हणाली, "घरात पाळणा सजलाय. बाळ यायचंय. आणि घरातली माणसं? उपाशी! अहो, ज्या घरात चूल पेटली नाही तिथं कोणतं बाळ रमेल?" लोक हसले. मग ती थांबली. "हा दंडावरचा दिवा खोटं बोलत नाही. पण याची शाळा झाली भरल्या पोटाच्या गावात. आपण नऊ दिवस जेवलो नाही की याला वाटतं, आपण बरे झालो. हा हिरवा रंग आरोग्याचा नाही, भुकेचा आहे. प्रमोदभाऊ काल गेले ते या हिरव्यानं गेले." तिनं क्रेटांकडे हात केला. "या गादीवरून मी तुम्हाला उपवास दिला. या गादीवरून तो परत घेते. कडेला केळी आहेत. आत्ता खा. इथंच खा."

कुणी हललं नाही. संजयराव उठून हळूच म्हणाले, "ताई, मध्यंतर करूया का? दमला असाल."

शैलाकाकू मात्र मोठ्यानंच बोलल्या, "जन्माआधी तोंडात घास? उष्ट्या तोंडानं पाळणा म्हणायचा? बाई, तू खाल्लंस का?"

"नाही काकू. आज दूधसुद्धा नाही."

"मग?"

"मग म्हणूनच सांगते."

काकू हट्टानं मांडी घालून बसल्या. त्यांच्याकडे बघून सगळ्या बायकाही बसून राहिल्या. मृणालनं माझ्याकडे पाहिलं, मी सूर दिला आणि तिनं आख्यान घेतलं. दशरथाचा यज्ञ, पायसाची वाटणी, राण्यांचे डोहाळे. असं रंगलेलं आख्यान मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. पुण्याचे बुवा झांज धरून उभे होते, त्यांचा ताल मध्येच चुकला, इतके ते ऐकण्यात बुडाले. बाराला पाच कमी असताना कौसल्येला कळा सुरू झाल्या. पुजाऱ्यानं दोरी हातात घेतली, मुठींत गुलाल आला.

आणि मृणालनं चिपळ्या मिटल्या.

"कथा इथं थांबते. तुम्ही खाल्ल्याशिवाय राम जन्मणार नाही."

मंडपातल्या घड्याळाचे बारा ठोके पडले. मी एकेक मोजला. देवकुंडात माणसाच्या आठवणीत पहिल्यांदा ठोके पडले आणि पाळणा हलला नाही. "अहो ताई, काय हे!" "अपशकुन, अपशकुन!" संजयराव हात जोडत होते, कुणी ओरडत होतं, एका बाईनं हंबरडा फोडला. मृणाल नुसती उभी. मी एकच सूर धरून ठेवला होता. तिच्या मानेवरची शीर मला दिसत होती. दोन ठोके लागोपाठ, मग रिकामी जागा. मग एक. पुन्हा रिकामी जागा.

एकदा वाटलं, उठावं आणि उचलून न्यावं तिला. तिनं मागे न बघता डावा हात किंचित हलवला. सूर सोडू नकोस, ही आमची जुनी खूण.

बारा वाजून आठ मिनिटांनी कणकवलीचे मास्तर उठले, क्रेटपाशी गेले आणि उभ्यानं केळं सोललं. मग त्यांची बायको. मग मागच्या रांगेतला कोणी. मग रांगच लागली. सगळ्यात शेवटी शैलाकाकू. खाताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. "घे, खाल्लं बाई. आता जन्मू दे त्याला."

बारा वाजून तेवीस मिनिटांनी मृणालनं राम जन्माला घातला. गुलाल उडाला, पाळणा हलला. तिनं पाळणा पूर्ण म्हटला. आरतीचं तबक पुढे आलं, तिनं ते हातात घेतलं, आणि दुसऱ्या कडव्यात तबक आधी पडलं, मग ती.

अन्वीनं मैदानात उभ्या करून ठेवलेल्या रुग्णवाहिकेचा माणूस धावत आला, दंड बघून थबकला. "डॉक्टर, हिरवं आहे. उन्हाची चक्कर असेल."

"दिव्याला नको, मानेला हात लाव!" अन्वी किंचाळली. मानेला नाडी नव्हती.

पहिल्या झटक्याला काही झालं नाही. दुसऱ्याला तिचं अंग कमानीसारखं वर आलं आणि खाली पडलं. मशीनच्या पडद्यावर एक टेकडी उमटली. मग दुसरी. मंडपात लोक अजून आरती म्हणत होते. थांबवायचं कुणाला सुचलं नव्हतं.

हे लिहितोय तो पाचवा दिवस. मृणाल तालुक्याच्या हॉस्पिटलात आहे, पेज खाते, छाती दाबताना बरगडी मोडली म्हणून हसताना कळवळते. जेवण सुरू होताच तिसऱ्या दिवशी दिवा लाल झाला. तिनं त्याच्याकडे बघून म्हटलं, "आलास का शुद्धीवर?"

त्या आठवड्यात आमच्या तालुक्यात अकरा माणसं अचानक गेली. अकराही हिरवी. आमच्या मंडपातले एकटे प्रमोदभाऊ. बाकीची आपापल्या घरी उपवास धरलेली, जिथं मृणालचा आवाज पोचला नाही. दिवा हिरवा असला की मृत्यूच्या दाखल्यावर हृदयाचं कारण लिहिता येत नाही, संगणक घेतच नाही. त्यामुळे कागदावर त्या आठवड्यात आमच्याकडे हृदयानं एकही माणूस गेला नाही.

आज सकाळी अन्वीनं परिपत्रक आणून दिलं. देवकुंडच्या अनुभवावरून येत्या महिन्यापासून राज्यातल्या सर्व लाल व्यक्तींना नऊ दिवसांचा दुग्धाहार देण्यात येईल. जे हिरवे होतील त्यांची नावं यंत्राच्या रांगेतून कमी होतील. मृणालचं नाव सप्तमीलाच कमी झालं होतं. ते परत घालायला अन्वी रोज फोन करते आहे. राज्यात लाल माणसं साडेसहा लाख. अन्वीनं तीन पत्रं लिहिली, मी दोन. तिन्हींना आणि दोन्हींना उत्तर एकच, नोंद घेतली आहे.

मी परिपत्रक मृणालला दाखवणार नव्हतो. पण एकदा गप्प राहून बघितलं होतं. दाखवलं.

तिनं ते सावकाश, दोनदा वाचलं.

"केदार, उद्या पेटी घेऊन ये. आणि अन्वीला म्हणावं, कॅमेरा आण. साऱ्या राज्यात ऐकू जाईल असं लाव."

"डॉक्टर तुला उभं राहू देणार नाहीत."

"बसून करते."

"बसून केलेल्याला कीर्तन म्हणत नाहीत. तूच सांगतेस सगळ्यांना."

"मग प्रवचन म्हण," ती म्हणाली आणि बरगडीवर हात दाबून धरला. "सूर मात्र एक पट्टी खाली दे. वरचा लागणार नाही आता."